सात पानांचा गुलाब

गुलाब मला कळतो. हे मी मिरवायला सांगत नाही; बरं, थोडं मिरवायलाही सांगते. बारामतीजवळच्या माझ्या रोपवाटिकेत या, मला डोळे मिटायला लावा आणि कुठलीही काडी हातात द्या. काट्यांवरून बोट फिरवून मी जात सांगेन. पॉलीहाऊसमध्ये लांब दांड्याचे गुलाब करणारी पोरं मोबाईलमधले फोटो घेऊन माझ्याकडे येतात, 'मावशी, पानावर काय पडलंय बघा की' म्हणतात आणि मी चष्मा न शोधता सांगते. माझे यजमान होते तोवर म्हणायचे, हिला माणसापेक्षा झाड लवकर ओळखू येतं. खरंच आहे ते. पण ही ओळख मला कुठल्या वर्गात झाली नाही. वर्गात शिकून आले त्या वर्षी तर मी आमच्या दारातला एकुलता एक गुलाब मारून टाकला होता. पन्नासेक वर्षं ही गोष्ट मी हसतहसत सांगत आले. आता हसणं जरा बाजूला ठेवून लिहिते.

आमची वस्ती कळसच्या शिवारात, गावापासून चांगली लांब. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला दगडी न्हाणी आणि तिच्यापलीकडे थेट ऊस. घरात माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आई, थोरले चुलते आबा आणि त्यांची बायको जिजी. आबा कारखान्यात कामाला होते, त्यामुळे आमच्या घरातली वेळ घड्याळावर नसून भोंग्यावर चालायची. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला आबांची सायकल खडखडत बांधावरून जायची. गाळप सुरू झालं की वारा फिरेल तसा मळीचा आंबूस वास अंगणात यायचा. भाकरीलाही तो वास लागल्यासारखा वाटायचा. त्या वासाशी आमच्या घरात एकच जण भांडत असे, तो म्हणजे न्हाणीशेजारचा जिजीचा गुलाब.

गावठी गुलाब. फिका गुलाबी, बुटका, अंगभर बारीक काटे. फूल उमललं की पाकळ्या इतक्या दाटीवाटीनं बसलेल्या असायच्या की खालचा देठ त्या भारानं वाकायचा. सकाळी उमललेलं फूल दुपारी गळायला लागे. केसात माळायला कुचकामी, हाराला त्याहून कुचकामी. पण वास असा की न्हाणीत अंघोळ करून बाहेर आलं तर साबणाचा वास कुठल्या कुठे जायचा. जिजीनं तो तिच्या माहेरून काडी करून आणला होता. तिचं माहेर भीमेच्या काठचं. पुढे धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. घर, गोठा, मारुतीचं देऊळ, दारातला मूळ गुलाब, सगळं गेलं. भावाला दुसरीकडे जमीन मिळाली, नवं घर झालं. पण त्या घराला जिजी कधी माहेर म्हणाली नाही. 'भावाकडं जाते' म्हणायची. त्या गावातलं जमिनीत मुळं धरून उभं असलेलं एवढं एकच काही तिच्याकडे उरलं होतं, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्षभर तिचं त्या झाडाभोवती काही ना काही चालू असायचं. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडत, पानं पिवळी होऊन गळत. तेव्हा ती पहाटेच्या ओलीत चुलीतली राख चाळून फडक्यातून पानांवर झटकायची. दसऱ्यानंतर ती बुंध्याभोवतालची माती हलक्या हातानं उकरून वरच्या मुळ्या उघड्या करायची. 'चार दिस ऊन खाऊ दे' म्हणायची. पाचव्या दिवशी शेणखत घालून माती ओढायची, विळ्यानं जुन्या काड्या छाटायची आणि प्रत्येक कापावर शेणाचा गोळा लावायची. थंडीत पाचदहा फुलं यायची, ती देवाला. खरा बहर फाल्गुनात. मग सकाळी दव वाळल्याबरोबर परडी भरायची, पाकळ्या आणि कुटलेली खडीसाखर चिनीमातीच्या बरणीत थरावर थर बसायची, तोंडाला पांढरं फडकं बांधून बरणी पत्र्यावर उन्हात चढायची. वैशाखात ती खाली आली की शिळ्या भाकरीवर बोटभर गुलकंद मिळायचा. आजकाल दुकानातला गुलकंद खाऊन लोक वाहवा करतात. त्यांना काय सांगायचं?

तात्यांना मात्र त्या झाडाचं कौतुक ऊसवाल्याच्या नजरेनंच. जादा पाणी म्हणजे जादा पीक, हे त्यांचं सगळ्या सृष्टीबद्दलचं मत होतं. उसाच्या दंडानं, म्हणजे पाटानं, पाणी चाललं की फावड्यानं गुलाबाकडे एक बारा, पाण्याला तोंड, फोडायचे. "वैनी, दोन पाळ्या जादा द्या, बघा कसा फुगतोय."

"भावजी, ऊस न्हाय त्यो," जिजी पदर खोचून बारा बुजवत म्हणायची. "त्याला जरा तहान लागू द्या, मंग वास येतोय."

या गुलाबाची आमच्याकडे एक रीत होती. हळदीकुंकवाला किंवा सहज आलेली एखादी बाई वासानं वेडी होऊन म्हणायची, "जिजी, एक काडी द्या की." जिजी देत नसे. मागून नेलेला गुलाब लागत नाही, चोरून नेलेलाच लागतो, अशी तिची पक्की समजूत. "मीबी आईच्या दारातनं चोरूनच आणलाय," ती सांगायची. मग म्हणायची, "मी आपली तिकडं तोंड करून उभी ऱ्हाते," आणि खरोखर उसाकडे तोंड करून उभी राहायची. पाठीमागे कट्‌ असा आवाज यायचा, बाई पदराआड काडी लपवून निघून जायची, आणि मग जिजी वळून विचारायची, "काय गं, च्या घेणार का?" पण बाई तोवर बांधावर पोचलेली असे. चोरी करून चहाला कोण थांबतं?

मी कॉलेजसाठी बारामतीला मामांकडे राहायला गेले. तिथं एका रोपवाटिकेत सुट्टीच्या दिवशी कलमं शिकवायचे. मी नाव घातलं. रानगुलाबाच्या काडीवर, म्हणजे खुंटावर, इंग्रजी टीच्या आकाराची चीर देऊन चांगल्या जातीचा डोळा कसा बसवायचा, वर पट्टी कशी गुंडाळायची, हे मी पंधरवड्यात शिकले, आणि माझा हात वर्गात सगळ्यांत हलका निघाला. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला एक नियम वहीत लिहून घ्यायला सांगितला. कलमी गुलाबाच्या एका पानात पाच पानोळ्या, म्हणजे एकाच देठावरची पाच छोटी पानं, असतात; बुडातून सात पानोळ्यांची फूट आली तर ती खुंटाची, जंगली. ती सगळं अन्न खाते आणि वरचं कलम मरतं. दिसली की मुळापासून काढा. मी या नियमाखाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या. सरांनी मला हात हलका म्हणून एक घडीचा चाकू दिला. तो घेऊन मी दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा मला वाटत होतं की इंदापूर तालुक्यात गुलाबातलं माझ्याइतकं कुणाला कळत नसेल.

नेमका त्याच वेळी जिजीच्या भाच्याचा साखरपुडा निघाला. तिनं नेहमीप्रमाणे मुळ्या उघड्या केल्या होत्या. जाताना मला म्हणाली, "इंदे, परवा दिशी माती ओढ, खत घाल, तांब्याभर पाणी दे. छाटणी मी आल्यावर करीन."

मी चाकू घेऊन झाडाजवळ बसले आणि सवयीनं पानं मोजायला लागले. सात. दुसऱ्या काडीवर सात. तिसऱ्या काडीवरही सात. अख्ख्या झाडात पाच पानोळ्यांच्या दोनच किडक्या फांद्या सापडल्या. म्हणजे जिजीचा खरा गुलाब केव्हाच मरत आला होता आणि ही भोळी बाई वर्षानुवर्षं जंगली खुंटाला राख आणि शेणखत घालत होती! याच काड्यांची फुलं मी लहानपणापासून परडीत तोडली होती, याच फुलांचा गुलकंद खाऊन वाढले होते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे झाड नव्हतं, लाल रेघा होत्या. मी त्या दोन फांद्या ठेवल्या आणि बाकी सगळं जमिनीलगत कापलं. मग खुंट आणि कलम यांचा जोड शोधायला लागले, कारण जोडाच्या खालूनच फूट येते. जोड दिसेना. आणखी उकरलं. तरी दिसेना. खुरपं टाकून टिकाव घेतला, हातभर खणलं, दोन जाड मुळ्या तुटल्या. जोड मिळालाच नाही. कसा मिळणार? ते झाड कलमी नव्हतंच, स्वतःच्या मुळांवर उभं होतं. हे आज मला कुणी झोपेत विचारलं तरी सांगेन. तेव्हा मात्र मी जोड सापडेल या आशेवर तो खड्डा ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस उघडा ठेवला.

जिजी आली ती सरळ न्हाणीकडे गेली. हातात साखरपुड्यातल्या लाडवांची पिशवी तशीच. बसली, उरलेल्या फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं. मग दुसरीची खरवडली.

"कुणी केलं हे?"

"मी. सात पानांचा गुलाब जंगली असतो, जिजी. सरांनी सांगितलंय."

"सरांनी ह्यो गुलाब बघितलावता का?"

"न्हाय."

"मंग त्यांचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तू तर बघितलावतास की."

तिनं ओरडावं म्हणून मी वाट बघत राहिले. ती ओरडली नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता आईला एवढंच म्हणाली, "तेवढंच गाव उरलं हुतं माझं." मी उंबऱ्याशी बसून ते ऐकलं. आयुष्यात पुढे पुष्कळ नुकसान पाहिलं, पण त्या वाक्यानं जशी मान खाली गेली तशी पुन्हा कधी गेली नाही.

मान खाली घालून बसणं मात्र माझ्या स्वभावात नाही. चौथ्या दिवशी मी जिजीला विचारलं, "काड्या कुणीकुणी नेल्या ते सांग. मी परत आणते."

"मला कसं ठावं? मी तिकडं तोंड केलेलं असायचं."

ती खरंच बोलत होती. इतक्या वर्षांत तिनं एकदाही चोरून मागे बघितलं नव्हतं. पण आई भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "जिजी तोंड फिरवायची, मी कुठं फिरवायची?" तिनं तीन ठिकाणं सांगितली. एक गावातलंच, एक लासुर्ण्याचं, एक अंथुर्ण्याचं. फुलं दिसल्याशिवाय खात्री होणार नव्हती, म्हणून मी फाल्गुनापर्यंत दम धरला आणि धुळवडीच्या सुट्टीत आबांची सायकल घेऊन निघाले. तिन्ही ठिकाणी झाड नसेल तर तो गुलाब जगातून गेला, हे मला पेडल मारताना ऐकू येत होतं.

गावातल्या बाईचं जुनं घर पाडून स्लॅबचं झालं होतं. गुलाब पायाखाली गेला होता. लासुर्ण्यात दारात भलं मोठं झुडूप दिसलं, पानं मोजली तर सात! मी सायकल टाकून धावले. फुलं मात्र पांढरी, एकेरी, पाच पाकळ्यांची. घरधनीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी कुणाचं चोरत न्हाय. बाजारातनं इकत आणलाय. पयल्या साली लाल फुलं हुती, मंग असली याया लागली." तो खरोखरच खुंट होता, वरचं कलम खाऊन बसलेला. म्हणजे सरही खरे होते. मला रस्त्यातच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण आता एकच घर उरलं होतं.

अंथुर्ण्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. मी सायकलवरून उतरले आणि जागीच उभी राहिले. मळीचा, शेणाचा, धुळवडीच्या राखेचा, सगळे वास ओलांडून तो येत होता. त्याच्या मागोमाग गेले तर एका घराच्या न्हाणीमागे, सांडपाण्याच्या ओलीवर, जिजीचा गुलाब फुलांनी वाकलेला. घरातली बाई चुलीपुढे बसली होती. साठीची, ठसठशीत कुंकू लावलेली. मी इतकी हरखले होते की रीत विसरून गेले.

"मावशी, मी कळसहून आले. आमच्या जिजीचा गुलाब मेला. एक काडी—"

तिनं तवा दाणकन आपटला. "मागू नगंस!"

मी जीभ चावली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "जिजीची पुतणी का तू?"

"व्हय."

"बरं हाय." तिनं चुलीत लाकूड सारलं. "मला आता भाकरी थापायच्या हायत. माझं काय मागं ध्यान नसतंय." आणि पाठ करून बसली. मी चाकू काढला आणि शेंड्याकडची एक कोवळी, हिरवीगार काडी धरली.

"कवळी घिऊ नगं," ती परातीत पीठ मळत म्हणाली, मान न वळवता. "खालनं घे. पेन्सलीएवढी जाड."

बारामतीच्या वर्गाचा शेवटचा धडा मी असा अंथुर्ण्यात घेतला. तीन काड्या घेतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी धरल्या. सायकल एका हातानं चालवत घरी आले आणि पाण्याच्या रांजणाखाली, जिथं दिवसभर थेंब थेंब ओल असते आणि ऊन पोचत नाही, तिथं लावल्या. फाल्गुन ही काही काड्या लावायची वेळ नव्हे. गिऱ्हाइकाला मी आज ठणकावून सांगते की दसऱ्यानंतर या. पण तेव्हा थांबायची माझ्यात ताकद नव्हती. मी बारामतीला परत गेले. आईच्या पत्रातून कळायचं, एक काडी काळी पडली. मग दुसरीही. तिसरीबद्दल आई काही लिहीत नव्हती आणि मला विचारायचं धाडस होत नव्हतं. जिजी त्या काड्यांकडे बघतसुद्धा नाही, एवढं मात्र तिनं लिहिलं होतं. फक्त रोज रांजण काठोकाठ भरून थोडा सांडते, असंही लिहिलं होतं.

आषाढात घरी गेले. चहा पिऊन होतो न होतो तोच जिजीनं हाक मारली, "इंदे, हिकडं ये." रांजणाखाली वीतभर उंचीचं, तांबूस शेंड्याचं रोप उभं होतं. "मोज."

मी बसून मोजलं. "सात."

"मंग आता सांग. जंगली का घरचा?"

मी पान बोटांतून सोडून दिलं. "फूल आल्यावर सांगीन."

"हां," जिजी म्हणाली, आणि त्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आत्ता शिकलीस बघ."

फूल दोन फाल्गुनांनी आलं. फिकं गुलाबी, दाटीवाटीचं, देठात वाकलेलं. बरणी पुन्हा पत्र्यावर चढली. तात्यांनी पुन्हा बारा फोडला आणि जिजीनं तो पुन्हा बुजवला.

माझं लग्न त्यानंतर तुळशीच्या लग्नाच्याच आठवड्यात झालं, आमच्या अंगणात. छाटणी होऊन फुटवे येऊ लागले होते. निघायची वेळ झाली. आई रडत होती, तात्या उगाच जीपच्या टपावरचं सामान पुन्हा पुन्हा बांधत होते. एकेकीच्या पाया पडत मी न्हाणीकडे आले. तिथं जिजी उभी होती, उसाकडे तोंड करून, माझ्याकडे सरळ पाठ. "बाई बाई, पोरगी निघाली आन् चुलती तोंडबी दावंना," मागे कुणीतरी कुजबुजलं. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई ओशाळून काही बोलणार, इतक्यात मी कमरेच्या बटव्यातून चाकू काढला, शालूचा घोळ गुडघ्यात धरला आणि गुलाबापाशी खाली बसले.

कट्‌.

जिजीचे खांदे हलत होते. "खालनं घे," ती तिकडेच तोंड ठेवून म्हणाली.

"घेतलीय," मी म्हणाले.